शेवटचं कोरं पान

१

त्या वर्षी दिवाळीत नांदेडला घरी थांबायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. बाबा उन्हाळ्यात गेले. घरात मी एकटी. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन येणार, दारात उभ्या राहून डोळे पुसणार आणि मग मलाच त्यांना धीर द्यावा लागणार. त्यामुळे लातूरहून रेणुकादास सरांचा फोन आला तेव्हा बरंच वाटलं.

"मालविका मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर कोरं पान काढून राहिलंय," ते म्हणाले.

सरांचा लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता आणि त्याला जोडून मुलींचं हॉस्टेल. बाबांसाठी पुण्यातली नोकरी सोडून मी नांदेडला परत आले, तेव्हापासून अशा क्लासेसना एक छोटं सॉफ्टवेअर विकत होते. चाचणीचे गुण भरले की ते प्रत्येकीचं प्रगतिपत्रक तयार करायचं. पीडीएफ फाइल व्हायची आणि ती पालकांच्या मोबाइलवर जायची.

"शेवटी एक पान कोरंच येतंय. पालक विचारतात, सर, त्या पानावर काय होतं? काय लपवलंत?"

"सगळ्यांच्या फाइलमध्ये येतंय?"

"सगळ्यांच्या. दिवाळीनंतर पालकसभा आहे, तेवढ्यात करून द्या. हॉस्टेल रिकामं आहे, राहायची सोय होईल."

कोरं पान म्हणजे आमच्या धंद्यातलं सर्दी-पडसं. मजकूर केसभर जरी पानाबाहेर गेला तरी सॉफ्टवेअर पुढचं पान उघडून बसतं. समास थोडा कमी केला की झालं. हे मी नांदेडला बसूनही करू शकले असते. पण मी बॅग भरली आणि अहमदपूरवरून जाणारी लातूरची एसटी धरली.

२

भरलेलं हॉस्टेल मी आधी पाहिलं होतं. जिन्यात चपलांचे ढीग, दोरीवर ओल्या ओढण्या, प्रत्येक खोलीतून पाठांतराची गुणगुण. आता लोखंडी खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. भिंतींवर हृदयाचे, मूत्रपिंडाचे तक्ते, आणि आरशांच्या कडेला चिकटवलेले कागद: 'आई, मी होणारच.' पाऊल टाकलं की त्याचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन परत यायचा.

इमारतीत माझ्याशिवाय एकच माणूस होतं. कावेरीबाई. मेसमध्ये स्वयंपाक करायच्या आणि तिथेच राहायच्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या.

"तुम्ही दिवाळीला गावी गेला नाहीत?" मी विचारलं.

"गाव हाय की. सरकारनं बांधलेलं, शिमीटाचं." त्यांनी भाकरी माझ्या ताटात टाकली. "मला तितं झोप येत न्हाई."

ऑफिस तळमजल्यावर होतं. शहाबादी फरशी, एक टेबल, जुना कॉम्प्युटर, दोन छोटे स्पीकर. मी समास कमी केला. फाइल पुन्हा तयार केली. कोरं पान होतंच. अक्षरांचा आकार लहान केला. तळटीप काढून टाकली. शेवटी तर मी मजकूर निम्म्यावर आणला. पहिलं पान अर्धं रिकामं दिसत होतं, त्यावर चार ओळी मावल्या असत्या. तरी खाली दुसरं पान आलंच.

मग मी माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या एका क्लासची प्रगतिपत्रकं काढून पाहिली. सॉफ्टवेअर तेच, पण तिथे कोरं पान नव्हतं.

कंटाळून मी त्या कोऱ्या पानावर क्लिक केलं आणि सगळं निवडायची कळ दाबली. पानावर निळे पट्टे उमटले.

म्हणजे पान कोरं नव्हतं. मजकूर होता, फक्त दिसत नव्हता. मला आनंदच झाला. फाँटचा घोटाळा! अक्षरांचं वळण फाइलमध्ये गेलं नाही की असं होतं. मी तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला. नुसते चौकोन आले. रिकामे चौकोन, ओळीमागून ओळ.

३

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मला एक कल्पना सुचली. पीडीएफ मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. डोळ्यांना न दिसणारं अक्षरही त्या यंत्राला कळतं कधीकधी. निदान एखादा शब्द समजला तर तो कुठून येतोय ते शोधता येईल.

मी वाचन सुरू केलं. त्यात मराठी आवाज नव्हता, एक हिंदी बोलणारी बाई होती. तिने पहिलं पान वाचलं. 'जीवशास्त्र' म्हणताना ती अडखळली. मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच या इमारतीत कुणीतरी एवढं सलग बोलत होतं!

मग शेवटचं पान आलं. बाई गप्प झाली. पण वाचन थांबलं नाही. वाचल्या जाणाऱ्या शब्दावरून एक निळी पट्टी सरकते, तशी ती सरकत होती. डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीवर. अगदी सावकाश.

स्पीकरमधून हवा सुटल्यासारखा बारीक आवाज येत होता. नुसती शांतता नव्हती ती. बंद खोलीत शिरल्यावर कानाला कळतं ना, की खोली किती लहान आहे? तसं वाटलं.

आणि मग: टक, टक. जरा थांबून, टक.

मी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं, पण मजूर सुट्टीवर होते. पाण्याची मोटर बंद. मी स्पीकरची वायर काढली. आवाज गेला. लावली, पुन्हा आला. टक, टक. टक.

म्हणजे फाइलमध्येच कुठेतरी ध्वनी अडकलाय, मी स्वतःला सांगितलं. असं होऊ शकतं. फाइलमध्ये आवाज घालता येतो. मी फाइलचा आकार पाहिला. कोऱ्या पानासकट आणि कोऱ्या पानाशिवाय, दोन्हींत जवळपास काहीच फरक नव्हता. एवढ्याशा जागेत चिमणीचा चिवचिवाटही मावला नसता.

पट्टी तळाशी पोचली. आवाज थांबला. मी पुन्हा सुरू केलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

४

कावेरीबाई चहा घेऊन कधी आल्या ते कळलं नाही. कप टेबलावर टेकवताना त्यांचा हात मधेच थांबला.

"हे कुठून येऊन राहिलंय?"

"फाइलमधून. काहीतरी बिघाड आहे," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. स्पीकरकडे त्यांनी पाहिलंही नाही. गुडघे टेकून त्या खाली बसल्या, पदर बाजूला केला आणि फरशीला कान लावला. हे इतक्या सवयीने केलं त्यांनी, की मला विचारायचं धाडस झालं नाही. पट्टी सरकत राहिली. टक, टक. टक.

पान संपल्यावर त्या उठून भिंतीला टेकून बसल्या.

"भूकंपात आमचं घर बसलं," त्या म्हणाल्या. "मी नुकतीच लगीन होऊन गेलेली, गणपतीसाठी माहेरी आलते. त्याच रातीला गणपती बुडवून समदे निजले व्हते. मी अंगणात, खाटेवर. माय, बाप आन् धाकटी बहीण आत. अयोध्या तिचं नाव. मग वरचं मातीचं माळवद खाली आलं. दगडाच्या भिंती, दोन हात रुंद."

"आणि?"

"पाऊस लागला व्हता. मी दगडावर कान ठिवला तर आतून वाजून राहिलं. असंच. तिच्याजवळ पितळंची वाटी असंल, न्हाईतर दगड. मी वरून वाजवलं की ती खालून वाजवायची. माझ्या हातानं किती दगड निघणार, ताई? गावात हात राहिलेच किती व्हते?" त्यांनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "दुसऱ्या दिशी मला चक्कर आली तवा लोकांनी उचलून शेतात नेलं. शुद्धीत येऊन परत गेले तर वाजणं बंद."

बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बाबांच्या वेळी लोक मला जे बोलले होते, ते बोलायला जीभ उचलेना.

"एकडाव परत लावा," त्या म्हणाल्या.

मी लावलं. आवाज सुरू झाला. टक, टक. टक. कावेरीबाईंनी बोटाच्या पेराने फरशीवर एकदाच वाजवलं.

स्पीकरमधला आवाज थांबला. पट्टी सरकतच होती. कितीतरी ओळी तशाच गेल्या.

मग आवाज आला. टकटकटकटक, घाईघाईने, न थांबता, पानाच्या तळापर्यंत.

५

त्या रात्री मी खोलीला आतून कडी लावली. टेप केलेला आवाज उत्तर देत नसतो, एवढं समजायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. सकाळी मला वाटलं, योगायोग असेल. आवाज आधीही तसाच बदलत असेल आणि मी नीट ऐकलं नसेल. हे मी स्वतःशी मोठ्याने बोलले, कॉरिडॉरमध्ये उभी राहून. कॉरिडॉरने ते परत केलं.

दुपारी कावेरीबाई हात पुसत आल्या आणि काही न विचारता फरशीवर बसल्या. मी फाइल नव्याने तयार केली. आता शेवटी एकाऐवजी दोन कोरी पानं आली.

खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस मी दुरुस्ती केलीच नाही. सरांचा फोन आला की म्हणायचे, चालू आहे. दुपार झाली की कावेरीबाई यायच्या. मी पान लावायचे. त्या वाजवायच्या, तिकडून उत्तर यायचं. मधल्या वेळात त्या मला अयोध्येबद्दल सांगायच्या. तिला केसांत अबोली माळायला आवडायची, ती बैलांना भ्यायची नाही पण बेडकाला भ्यायची. मीही बाबांबद्दल थोडं बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. बाहेर कुठेतरी फटाक्यांची माळ वाजायची, आणि ती वाजली की खालचा आवाज थोडा वेळ बंद पडायचा. जणू तिकडेही कुणी दचकत होतं.

पानं मात्र वाढत होती. दोनांची चार झाली. मग मी मोजणं सोडलं.

आणि आवाज एकच राहिला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, प्रतिध्वनी असेल. मग नीट ऐकू यायला लागलं. एक जवळचा, हलका. एक खूप खालचा, जड वस्तूने केलेला. एक असा, की ज्याला ताकद उरलेली नाही. वेगवेगळ्या पानांवर, मग एकाच पानावर सगळे. आपल्या वाजवण्याने कोण कोण जागं झालं होतं?

कावेरीबाईंनाही ते कळलं. त्या फरशीवर इकडून तिकडे सरकत कान लावू लागल्या.

"अयोध्या! ए अयोध्या, तू कुठली गं? एकडाव नीट वाजव!" त्यांनी मुठीने फरशी बडवायला सुरुवात केली. "ताई, लई लोक हायत. मला माझी सापडून न्हाई राहिली!"

सगळीकडून उत्तर आलं. टेबलावरचा कप थरथरला. तो स्पीकरमुळे थरथरला असेल.

वाचन थांबवायला मी माउस धरला, पण घाईत दुसरंच काहीतरी दाबलं गेलं. सगळी कोरी पानं पडद्यावर लहान होऊन एकत्र आली आणि त्यांवरचा सगळा मजकूर निळा झाला. पहिल्या दिवशी मी ओळी पाहिल्या होत्या. आता त्या ओळी नव्हत्या. आडवे, तिरके, एकमेकांवर कोसळलेले पट्टे, एका पानातून दुसऱ्या पानात गेलेले. आणि त्यांच्या मधोमध एक लहानशी न निवडलेली, पांढरी जागा. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी.

मी कॉम्प्युटरची वायरच ओढली.

कावेरीबाईंच्या मुठीची साल निघाली होती. मी त्यांचा हात नळाखाली धरला. त्या लहान मुलीसारख्या उभ्या होत्या.

६

त्यानंतर मी जेवायलाही उठले नाही. प्रगतिपत्रक तयार करणारा सगळा भाग मी पुसून टाकला आणि पहिल्यापासून नवा लिहिला. कारण शोधलं नाही. कारण सापडलं असतं तर मला इथे आणखी थांबावं लागलं असतं. नवी फाइल काढली. एक पान. खाली काही नाही. दहादा काढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावेरीबाई आल्या. हाताला हळदीचं फडकं बांधलेलं.

"आज लावत न्हाई?"

"दुरुस्त झालं, कावेरीबाई."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मंजी आता येणार न्हाई ते."

"नाही."

"कामून केलं, ताई?"

तुमच्यासाठी, असं म्हणणार होते. पण ते तेवढंसं खरं नव्हतं. मी घाबरले होते. मी लॅपटॉपची वायर गुंडाळू लागले.

"हाव," त्या म्हणाल्या. "तुमचं कामच हाय ते." आणि रिकामा कप उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मुली परतू लागल्या. कुणाचे वडील जीपने आले, कुणी एकटी एसटीने. फराळाचे डबे, नव्या चपला, रडारड, मोबाइलवर आईशी भांडण. जिना पुन्हा भरला. रेणुकादास सरांनी माझे आभार मानले आणि मी नांदेडला परत आले. निघताना मेसमध्ये डोकावले. कावेरीबाई पाठमोऱ्या होत्या, भाकऱ्या थापत होत्या. तव्यापलीकडच्या भिंतीला त्यांनी मधेच एकदा कान लावला आणि पुन्हा भाकरी हातात घेतली. मी हाक न मारताच निघाले.

७

थंडी पडल्यावर एका दुपारी त्यांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"ताई, गच्चीवरून बोलून राहिले. खाली पोरींचा लई कालवा हाय." मग म्हणाल्या, "तुमच्यापाशी ते जुनं पान हाय का?"

होतं. जुन्या फाइलची प्रत मी लॅपटॉपवर ठेवतेच, कधी पुसत नाही. ही सवय आहे, बाकी काही नाही. तरी तिच्या वाटेला मी गेले नव्हते.

"असेल," मी म्हणाले.

"एकडाव लावून बगा ना. मी काय वाजवणार न्हाई, का रडणार न्हाई. मला फकस्त सांगा, हाय का अजून."

घरात मी एकटीच होते. बाबांची खाट अजून हॉलमध्येच होती. मी लॅपटॉप उघडला, एका कानाला फोन, दुसऱ्या कानात इअरफोन. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. फाइल उघडली. शेवटी एकच कोरं पान होतं, पहिल्या दिवशीसारखं. निळी पट्टी सरकू लागली.

वाजणं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मग ऐकू आलं.

कुणीतरी खरवडत होतं. दगडावरून माती ओढल्यासारखं, हळूहळू, न कंटाळता. मधेच एखादा खडा सुटून घरंगळायचा. खडा घरंगळला की खरवडणारं थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. आवाज जवळ होता. हॉस्टेलमध्ये कधीच इतका जवळ नव्हता. इतकी वर्षं कुणी वरून हात लावला नाही म्हणून आतूनच वाट करायला घेतलेली.

"ताई? हाय का?"

मी हो म्हटलं असतं तर त्या त्याच दिवशी निघाल्या असत्या. इथे येऊन या फरशीवर बसल्या असत्या, उरलेला जन्म. हे माझ्या मनात आलं. आणि दुसरंही आलं: की आता अगदी थोडी माती उरली आहे, आणि ती सरल्यावर जे बाहेर येईल ते या खोलीत येईल.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही, कावेरीबाई. कुणी नाहीये तिथं."

खरवडणं थांबलं.

पान संपलं म्हणून नव्हे. पट्टी निम्म्यातच होती, सरकत होती. कुणी हातातलं काम टाकून कान देतं, तसं ते थांबलं. मी श्वास धरून बसले. तिकडेही कुणी श्वास धरला होता.

"बरं," कावेरीबाई म्हणाल्या. "मग निजली असंल." त्यांनी फोन ठेवला.

मी इअरफोन दोन्ही कानांत घातले. नुसती हवा. मग मी टेबलावर बोट आपटलं, एकदा. मग दोनदा. मग तळहाताने. "आहे," मी म्हणाले, रिकाम्या घरात, मोठ्याने. "मी आहे इथं. ऐकतेय मी." पट्टी शेवटच्या ओळीवर गेली आणि नाहीशी झाली.

मी पान पुन्हा लावलं. पट्टी उमटलीच नाही. सगळं निवडायची कळ दाबली. कुठे काही निळं झालं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी सूचना आली, अशा वेळी नेहमी येते तीच: या पानावर वाचण्यासारखं काही नाही.